दुर्बिणीच्या ऑपरेशनमधला गॅस आणि अतिनील दिवा: ओटीत नव्याने आलेल्यांसाठी

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, लॅप कोली (दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं ऑपरेशन) चालू असते. पित्ताशय यकृतापासून सोडवताना कॉटरी (विजेने जाळून कापणारं हत्यार) लागते आणि मॉनिटरवरचं चित्र धुरकट होतं. सर्जन म्हणतात, "सिस्टर, धूर काढा." नुकतीच ओटीत लागलेली मुलगी हाताशी असलेल्या पोर्टची, म्हणजे पोटात बसवलेल्या नळीची, तोटी उघडते. फुस्स आवाज येतो, चित्र स्वच्छ होतं आणि काम पुढे सरकतं. तो फुस्स तिच्या मास्कपासून हातभर अंतरावर झालेला असतो. केस जळल्यासारखा वास सगळ्यांना येतो, पण कोणी काही बोलत नाही, कारण ओटीत त्या वासाची सवय झालेली असते.

मी वीस वर्षं ओटीत आहे, त्यातली बरीचशी इन्चार्ज म्हणून. ती तोटी मीही कितीतरी वेळा तशीच उघडली आहे. हा लेख नवीन सिस्टर, ओटी टेक्निशियन आणि पहिल्या वर्षाचे रेसिडेंट यांच्यासाठी आहे. पोटात जाणारा गॅस स्वच्छ कसा ठेवायचा, बाहेर येणारा कसा हाताळायचा आणि हल्ली ज्याचं नाव वारंवार कानावर येतं तो अतिनील दिवा, म्हणजे यूव्ही-सी, या सगळ्यात कुठे बसतो, हे क्रमाने सांगते. तुमच्या यंत्राचं मॅन्युअल आणि तुमच्या सर्जनचा, भूलतज्ज्ञांचा शब्द याच्या वर आहे, हे धरून वाचा.

पहिली पायरी: गॅसचा रस्ता कागदावर काढा

खरोखरच कागद घ्या. सिलिंडर, रेग्युलेटर, इन्सफ्लेटर (पोटात गॅस भरणारं यंत्र), फिल्टर, नळी, पोर्ट, पोट. तिथून दुसऱ्या पोर्टची तोटी, आणि मग ओटीची हवा किंवा धूर ओढणारं यंत्र. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला मी पहिल्या आठवड्यात हे चित्र काढायला लावते. बहुतेक जणी पोटापर्यंत येऊन थांबतात. गॅस परत येतो, हे चित्रात राहूनच जातं.

गॅसचे प्रवास दोन आहेत. जातानाचा गॅस कोरडा, थंड आणि जवळपास स्वच्छ असतो. येतानाचा गॅस ओलसर असतो आणि त्यात धूर, रक्ताचे बारीक थेंब, पेशींचे तुकडे असतात. दोन्हींना लागणारी काळजी वेगळी आहे. अतिनील दिव्याबद्दलचा निम्मा गोंधळ हे दोन प्रवास एकच समजल्यामुळे होतो.

दुसरी पायरी: गॅस ओळखा

आपण वापरतो तो कार्बन डायऑक्साइड, ओटीच्या भाषेत सीओटू. तो पेट घेत नाही, म्हणून आत कॉटरी चालते. रक्तात तो ऑक्सिजनच्या सुमारे वीसपट विरघळतो, त्यामुळे चुकून थोडा रक्तवाहिनीत गेला तरी साध्या हवेच्या बुडबुड्याइतका घातक ठरत नाही, आणि शरीरात शोषलेला गॅस रुग्ण श्वासावाटे बाहेर टाकतो. भूलतज्ज्ञ कॅप्नोग्राफवर (श्वासातला सीओटू मोजणाऱ्या यंत्रावर) डोळा ठेवून असतात तो यासाठीच.

जर्मनीतल्या गेओर्ग केलिंग यांनी १९०१ मध्ये कुत्र्याच्या पोटात हवा भरून दुर्बीण घातली, तेव्हा ती हवा त्यांनी निर्जंतुक कापसातून गाळून घेतली होती. म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीइतकंच गॅस गाळण्याचं वय आहे. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया केली आणि पुढच्या काही वर्षांत हे तंत्र जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचलं. तंत्र आलं, टॉवर (मॉनिटर, इन्सफ्लेटर ठेवायची चाकांची मांडणी) आले. धुराची काळजी मात्र मागे राहिली.

तिसरी पायरी: सिलिंडर

वैद्यकीय सीओटूचा सिलिंडर करड्या रंगाचा असतो. रंगावर भागवू नका, लेबल वाचा. पिन-इंडेक्स असलेल्या छोट्या सिलिंडरच्या पिना जुळत नसतील तर जोर लावू नका. ती अडचण मुद्दाम करून ठेवलेली आहे, चुकीचा गॅस लागू नये म्हणून.

आत सीओटू द्रवरूपात असतो. २० अंश तापमानाला गेजवर सुमारे ५७ बार दिसतो, आणि द्रव संपेपर्यंत तो काटा जवळजवळ हलत नाही. ऑक्सिजनच्या सिलिंडरची सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो. काटा उतरायला लागला की गॅस संपतच आलेला असतो. किती शिल्लक आहे ते वजनावरूनच कळतं. दुसरा भरलेला सिलिंडर ओटीत असल्याशिवाय केस सुरू करू देऊ नका.

आणखी एक गोष्ट आपल्या हवामानाची. ३१ अंशांच्या वर सीओटू कितीही दाबला तरी द्रव राहत नाही. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या सिलिंडरचं गेज याच कारणाने चढलेलं दिसतं, आणि नवा माणूस "फुल आहे" म्हणून मोकळा होतो. सिलिंडर सावलीत, थंड जागी, साखळीने बांधून आणि उभाच ठेवा. आडवा ठेवला तर द्रवच रेग्युलेटरमध्ये येतो.

चौथी पायरी: जाणारा गॅस

सिलिंडरमधल्या गॅसपेक्षा इन्सफ्लेटरची मला जास्त काळजी वाटते. पोटातला दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा ठेवतात. यंत्राचा प्रवाह थांबला किंवा यंत्र मध्येच बंद झालं आणि नळी पोटाला जोडलेलीच असली, तर पोटातला गॅस उलट्या दिशेने निघतो. त्याच्याबरोबर द्रवही येऊ शकतो. तो यंत्राच्या आत गेला तर पुढच्या रुग्णाचा गॅस त्याच ओलाव्यावरून जाणार.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. फुटलेल्या अपेंडिक्सची केस होती. पोटात बरंच पाणी होतं आणि नळी पोर्टपासून खाली लोंबत होती. केस संपल्यावर नळी काढली तर यंत्राच्या तोंडापासून वीतभर अलीकडे तपकिरी पाण्याचा ठिपका होता. फिल्टर लावलेला होता म्हणून तो तिथेच अडला. त्या दिवसापासून फिल्टरशिवाय नळी लावलेली दिसली की मी केस थांबवायला सांगते, समोर कोणीही असो.

तेव्हा क्रम असा. इन्सफ्लेटर टेबलापेक्षा उंच, टॉवरच्या वरच्या खणात ठेवा. यंत्र आणि नळी यांच्यामध्ये पाणी न झिरपणारा, प्रत्येक रुग्णाला नवा फिल्टर लावा. पोटाला जोडण्याआधी नळीतून गॅस सोडून आतली हवा काढून टाका. व्हेरेस नीडलमधून (पोटात पहिला गॅस भरायच्या सुईतून) सुरुवातीला प्रवाह कमीच ठेवतात, मिनिटाला एक ते तीन लिटर. तो आकडा सर्जन सांगतील तोच. नळीचा मधला झोळ पोर्टच्या पातळीखाली जाऊ देऊ नका.

फिल्टर धुऊन, वाळवून, ईटीओ (इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक) करून परत वापरायचा नाही. एकदा ओला झालेला फिल्टर वाळल्यावर चांगला दिसतो, पण त्याची गाळण तशीच राहिली आहे याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

पाचवी पायरी: परत येणारा गॅस

कॉटरीच्या धुराचे कण सरासरी ०.०७ मायक्रॉन इतके बारीक असतात. साधा सर्जिकल मास्क त्यांच्यासाठी बनवलेलाच नाही. धुरात बेंझीन, फॉर्मल्डिहाइड, हायड्रोजन सायनाइड, कार्बन मोनॉक्साइड अशी रसायनं असतात. शिवाय जिवंत काही असू शकतं. कोरियात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिपॅटायटिस बी असलेल्या ११ रुग्णांच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमधला धूर तपासला, तेव्हा १० जणांच्या धुरात त्या विषाणूचा डीएनए सापडला. डीएनए सापडला म्हणजे संसर्ग होतोच असं नाही. पण तो धूर तोंडावर घेण्यासारखाही नाही.

म्हणून धूर काढायचा तो मोकळ्या तोटीतून नाही. तोटीला धुराचा फिल्टर लावा किंवा धूर ओढणारं यंत्र जोडा. धुरासाठी उल्पा (अतिसूक्ष्म कण गाळणारा) फिल्टर हवा, तो ०.१२ मायक्रॉनचे ९९.९९९ टक्के कण अडवतो. रसायनं आणि वास यांच्यासाठी त्यात कोळशाचा थर असतो. हे दोन्ही एकाच डबीत बसवलेले, पोर्टच्या तोटीला फिरवून लावायचे फिल्टर मिळतात. एका केसचा खर्च वाढतो, हे मान्य. पण दिवसाला चार केसेस करणारी सिस्टर वर्षभरात किती धूर श्वासात घेते, त्याचं बिल कुणाच्याच नावावर निघत नाही.

कोविडच्या काळात अनेक ठिकाणी गॅस हायपोक्लोराइटच्या बाटलीत बुडवून सोडायचे. काहीच नसताना ते ठीक होतं. मात्र मोठ्या बुडबुड्याच्या पोटातला गॅस पाण्याला न शिवताच वर येतो. फिल्टर हाताशी असेल तर बाटलीच्या नादी लागू नका.

सहावी पायरी: अतिनील किरण काय करतात, काय करत नाहीत

आता दिव्याकडे येऊ. आपल्या जुन्या ओटीत भिंतीवर असते ती निळसर ट्यूब कमी दाबाच्या पाऱ्याच्या वाफेची. तिचा मुख्य किरण २५४ नॅनोमीटरचा. जंतूंचा डीएनए २६० ते २६५ च्या आसपासचे किरण सगळ्यांत जास्त शोषतो, त्याच्या अगदी शेजारचा. किरण शोषल्यावर डीएनएच्या साखळीतले शेजारचे दुवे एकमेकांना चिकटतात. साखळीची नक्कल होत नाही आणि जंतूची वाढ थांबते. तो दिसायला तसाच राहतो, पण वाढू शकत नाही.

याचं श्रेय एका दिवसाचं नाही. सूर्यप्रकाशात जिवाणू वाढत नाहीत हे इंग्लंडमधल्या डाउन्स आणि ब्लंट यांनी १८७७ मध्ये दाखवलं. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डेरिल हार्ट यांनी ऑपरेशन थिएटरमध्येच हे दिवे लावले, कारण उघड्या जखमेवर हवेतून जंतू पडत होते. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये जखम बंद असते आणि हवेच्या जागी गॅस असतो. म्हणून दिवा खोलीत न लावता गॅसच्या रस्त्यात बसवावा, ही कल्पना पुढे आली. ती चांगली आहे. सीओटू २५४ नॅनोमीटरचा किरण अडवत नाही, त्यामुळे गॅसमधून प्रकाश आरपार जातो.

खरा उपयोग कुठे, तर फिरत्या गॅसच्या यंत्रणांमध्ये. काही ट्रोकारांत (पोर्ट म्हणून पोटात बसवायच्या नळ्यांत) झडप नसते. पोटातला गॅस ओढून, गाळून तोच परत पोटात पाठवला जातो. त्याने दाब स्थिर राहतो आणि धूरही निघतो. पण परत जाणारा गॅस त्याच पोटातून आलेला असतो आणि यंत्रातून फिरलेला असतो. तिथे फिल्टरच्या पुढे अतिनील दिव्याचा कप्पा असेल, तर फिल्टरमधून निसटलेल्या जंतूंसाठी आणखी एक अडथळा तयार होतो. पोटात जाणारा गॅस असो की बाहेर सोडायचा, दिव्याची जागा नेहमी फिल्टरनंतर. का, ते पुढे सांगते.

एक शब्द जपून वापरा. "निर्जंतुक" म्हणजे जिवंत जंतू उरण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून जास्त असता कामा नये. वाहत्या गॅसवरच्या दिव्याने जंतू कमी होतात. ९० टक्के कमी झाले तर एक लॉग, ९९ टक्के म्हणजे दोन, ९९.९ टक्के म्हणजे तीन. एक लाख जंतूंवर तीन लॉगची घट झाली तर शंभर उरतात. विक्रीला आलेला माणूस ९९.९ टक्के म्हणाला की त्याला विचारा: कोणत्या जंतूवर, किती प्रवाहाला?

सातवी पायरी: हिशोब करा

हा भाग सोडू नका. गणित सातवीचं आहे आणि याने तुमचे अर्धे प्रश्न सुटतात.

मात्रा म्हणजे प्रकाशाची तीव्रता गुणिले वेळ. तीव्रता चौरस सेंटिमीटरमागे मिलिवॅटमध्ये, वेळ सेकंदांत, उत्तर मिलिज्यूलमध्ये. समजा दिव्याचा कप्पा २०० मिलिलिटरचा आहे आणि आतली तीव्रता सरासरी २० मिलिवॅट आहे. गॅसचा प्रवाह मिनिटाला २० लिटर, म्हणजे सेकंदाला साधारण ३३३ मिलिलिटर. गॅस कप्प्यात राहतो ०.६ सेकंद. मात्रा मिळाली १२ मिलिज्यूल. आता सर्जननी धूर जास्त आहे म्हणून प्रवाह ४० लिटर केला. वेळ निम्मी झाली, ०.३ सेकंद. मात्राही निम्मी, ६ मिलिज्यूल. दिवा तोच, निळा उजेड तोच. यंत्राच्या तोंडावर पाहून तुम्हाला काहीही फरक दिसणार नाही.

१२ मिलिज्यूलमध्ये बरेच साधे जिवाणू चांगले कमी होतात. पण सगळे जंतू सारखे नाहीत. बीजाणू, म्हणजे स्पोअर, कितीतरी जास्त मात्रा मागतात. विषाणूंमध्ये अॅडिनोव्हायरस फार चिवट. पिण्याच्या पाण्यासाठी अमेरिकेत धरलेलं प्रमाण चार लॉगला १८६ मिलिज्यूल आहे. आपल्या कप्प्यात तितकी मात्रा द्यायची तर गॅसला नऊ सेकंदांहून जास्त थांबावं लागेल. २० लिटरच्या प्रवाहाला तीन लिटरहून मोठा कप्पा लागेल, तोही तितक्याच तीव्रतेने उजळलेला. पाण्यातला आकडा गॅसला जसाच्या तसा लावता येत नाही, पण अंदाज यायला पुरेसा आहे.

म्हणून यंत्र आलं की तीन आकडे मागा: कप्प्याचं आकारमान, आतली सरासरी तीव्रता आणि ती किती प्रवाहापर्यंत धरली आहे. तिसरा आकडा टॉवरवर चिकटपट्टीने लावून ठेवा. त्याच्या वर प्रवाह गेला की दिव्याच्या भरवशावर राहू नका.

आठवी पायरी: किरणांना काय अडवतं ते पाठ करा

किरण सरळ रेषेत जातात. सावलीत त्यांचा काही उपयोग नाही. साधी काच यूव्ही-सी अडवते, पॉलिकार्बोनेट अडवतं, आपल्या पीव्हीसीच्या नळ्या अडवतात. क्वार्ट्झमधून ते जातात, म्हणून दिव्याभोवतीची नळी क्वार्ट्झची असते.

२०२० मध्ये एका हॉस्पिटलात मदतीला गेले होते. तिथे मायक्रोवेव्हएवढी नवी यूव्ही पेटी होती. संध्याकाळी झाकण उघडलं तर आत इन्सफ्लेशनच्या नळीची गुंडाळी. तिथला मुलगा अगदी मनापासून म्हणाला, "ताई, दोन तास ठेवलीय. स्टराइल झाली." मी नळी उजेडासमोर धरली. बाहेरून ती पिवळट पडली होती, किरणांनीच. आत, कनेक्टरपासून दोन हातांवर, वाळलेला तपकिरी थेंब तसाच होता. किरण नळीच्या भिंतीपलीकडे गेलेच नव्हते. त्या मुलाची चूक नव्हती. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही ती नळी लाल पिशवीत टाकली आणि पेटीवर कागद लावला: नळ्या ठेवू नयेत. पुन्हा वापरायची सिलिकॉनची नळी ऑटोक्लेव्हला जाते, एकदाच वापरायची नळी कचऱ्यात जाते. पेटीत कोणतीच नाही.

गॅसमधल्या धुराचंही तसंच आहे. धुराचा कण, चरबीचा थेंब, रक्ताचा थेंब यांच्या आत लपलेल्या जंतूपर्यंत किरण पोचत नाहीत. शिवाय तीच चरबी क्वार्ट्झवर बसते आणि दिवा आतल्या आत मंद होतो. म्हणून आधी पाणी अडवणारी बाटली, मग फिल्टर, मग दिवा. हा क्रम उलटा असेल तर ते यंत्र घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगते.

आणि रसायनं. बेंझीन, सायनाइड यांना डीएनए नसतो. यूव्ही-सी त्यांचं काहीही करत नाही. ते काम कोळशाचं.

नववी पायरी: असा संच तुमच्या ओटीत आला तर

आपल्याकडच्या बहुतेक ओटीत अजून फिल्टरवरच काम चालतं, आणि नीट चाललं तर ते चांगलं चालतं. पण दिव्याचा कप्पा असलेलं यंत्र आलंच, तर माझी रोजची यादी ही.

१. गॅस सोडण्याआधी दिवा लावा आणि मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबा. पाऱ्याचा दिवा लागल्या लागल्या पूर्ण जोर देत नाही.

२. तासांचं मीटर वाचा आणि वहीत लिहा. पाऱ्याचे दिवे साधारण ८,००० ते ९,००० तास चालतात. जोर हळूहळू उतरत जातो, पण निळा उजेड शेवटपर्यंत दिसतो. उजेड आहे म्हणजे दिवा चांगला, हा गैरसमज मी अगदी मोठ्या लोकांच्या तोंडून ऐकला आहे. जोर मोजायचा तर यूव्ही-सी मीटरनेच.

३. सिलिंडरमधून येणारा गॅस थंड असतो. पाऱ्याचा दिवा काचेचं तापमान सुमारे ४० अंश असताना सर्वांत चांगला चालतो. थंड गॅस दिव्यावरून वाहिला तर जोर कमी होतो. गॅस गरम आणि दमट करणारी यंत्रणा असेल तर ती चालू आहे ना, हे आधी बघा.

४. क्वार्ट्झ कधीही उघड्या हाताने धरू नका. बोटाचा तेलकट ठसाही किरण अडवतो. दिवा बंद, वीज काढलेली आणि गार झाला असेल तेव्हाच, धागे न सुटणाऱ्या कपड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा.

५. झाकणाचा स्विच तपासा. झाकण उघडलं की दिवा आपोआप विझला पाहिजे. तो स्विच चिकटपट्टी लावून दाबून ठेवलेला दिसला तर यंत्र बाजूला काढा.

६. दिवा फुटला तर गॅसचा तो पूर्ण मार्ग बाद. आत पारा असतो. खोली मोकळी करा, खिडकी उघडा, झाडूने किंवा व्हॅक्यूमने गोळा करू नका. जुने दिवे जैविक कचऱ्याच्या पिशवीत जात नाहीत. वेगळे, न फुटता ठेवायचे. एलईडीचे यूव्ही-सी दिवे असतील तर पारा नसतो, पण त्यांच्या कप्प्याचा हिशोब पुन्हा नव्याने मागा.

दहावी पायरी: डोळे

आमच्या एका टेक्निशियनने रात्री भिंतीवरचा दिवा लागलेला असताना ओटीत जाऊन विसरलेला मोबाइल शोधला. पाच-सात मिनिटं. तेव्हा त्याला काहीच जाणवलं नाही. पहाटे तीनला तो कॅज्युअल्टीत आला, डोळे मिटलेले, पाणी वाहत होतं. म्हणाला, "सिस्टर, डोळ्यांत कुणीतरी वाळू भरलीय." दोन दिवसांत बरा झाला, पण ते दोन दिवस त्याला उजेड सहन होत नव्हता.

यूव्ही-सीचं हेच वैशिष्ट्य आहे. लागताना कळत नाही, काही तासांनी कळतं. आंतरराष्ट्रीय मर्यादा २५४ नॅनोमीटरसाठी आठ तासांच्या दिवसात ६ मिलिज्यूल आहे. वरच्या हिशोबातला आकडा आठवा: गॅसला आपण १२ देत होतो. ३० वॅटच्या उघड्या ट्यूबपासून एक मीटरवर तीव्रता सुमारे ०.१ मिलिवॅट असते. म्हणजे तुमची दिवसभराची मर्यादा एका मिनिटात संपते.

तेव्हा उघड्या दिव्याच्या खोलीत कोणी जायचं नाही. दाराबाहेर पाटी, आणि स्विच बाहेरच्या बाजूला. सफाईच्या मावशींना आणि मामांना हे स्वतः सांगा, मराठीत सांगा, दिवा दाखवून सांगा. पाटी वाचून कळेल असं धरू नका. सगळ्यांत आधी तीच माणसं दारातून आत जातात.

अकरावी पायरी: केस संपताना

शेवटची दहा मिनिटं घाईची असतात. सर्जन हातमोजे काढत असतात, पुढचा रुग्ण बाहेर स्ट्रेचरवर असतो. चुका इथेच होतात, म्हणून हा क्रम तोंडपाठ हवा.

पोर्टची गॅसची तोटी बंद करा. नळी पोर्टपासून सोडवा, यंत्र अजून चालू असताना. नळी सुटल्यावरच इन्सफ्लेटर बंद करा. आधी यंत्र बंद आणि मग नळी, असं केलं की पोटातला गॅस यंत्रात शिरायला मोकळा.

आता पोटात काही लिटर गॅस आहे. तो फिल्टर लावलेल्या तोटीतून सोडा, सावकाश. सर्जनना सांगा, "सर, गॅस काढतेय, ट्रोकार थांबवा." नवीन असताना हे म्हणायला संकोच वाटतो, तरी म्हणा. ट्रोकार उपसला की उरलेला सगळा गॅस एका झटक्यात बाहेर येतो, आणि वाकून टाके घालायला उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर येतो. काही लिटर गॅस फिल्टरमधून निघायला एखादं मिनिट लागतं. पोट हाताने हलकेच दाबून बघा, सैल लागलं की हो म्हणा.

नमुना, म्हणजे कापून काढलेला भाग, पिशवीतून काढायचा असेल तर आधी गॅस, मग पिशवी. मोठ्या छेदातून पिशवी ओढताना गॅस बाजूने सुटतो.

नंतर नळी लाल पिशवीत, फिल्टर तुमच्या हॉस्पिटलच्या कचरा नियमाप्रमाणे. दिव्याचा कप्पा असेल तर गॅस थांबल्यावर आणि मॅन्युअलमधली मिनिटं झाल्यावर दिवा बंद. वहीत तीन गोष्टी लिहा: फिल्टर नवा होता का, प्रवाह सर्वांत जास्त किती गेला आणि दिव्याचे तास. माझ्या ओटीत ही वही टॉवरच्या मागच्या हुकाला दोरीने बांधलेली असते, पेनासकट, कारण पेन शोधण्यात जो वेळ जातो त्यात नोंद राहून जाते.